मागची सीट

“बंद करा. आता पुन्हा चालू करा,” बॉनेटवर तळहात टेकवून कडू म्हणाला.

निरंजनने चावी फिरवली. गाडी क्षणभर अडली, घसा खाकरला आणि मग लागली गुरगुरायला. कडूने डोळे मिटले होते. बुऱ्हाणपूरच्या लालबाग भागात जुन्या गाड्या विकणारा हा निरंजन तिशीतला, गोड जिभेचा माणूस. त्याच्या पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली प्रत्येक गाडी डॉक्टरची असे आणि कधी गावाबाहेर गेलेली नसे.

“काका, डॉक्टरसाहब की गाडी हाये,” तो म्हणाला. “सिंगल ओनर. जर्मन कंपनी, डिझेल. इंजन तर एकदम मक्खन.”

“डॉक्टर केळी लावतो का?”

“मतलब?”

कडूने डिकी उघडून तळाचा गालिचा उचलून दाखवला. त्यावर केळीच्या चिकाचे काळपट डाग होते. तो चीक एकदा कापडाला लागला की कापड फाटतं पण डाग जात नाही, हे तापीकाठच्या कुठल्याही बाईला विचारा. निरंजन मोकळेपणाने हसला. “डॉक्टरची शेती बी हाये ना, काका,” असं म्हणून त्याने तो विषय डिकीसकट बंद केला.

डागांचं कडूला काही नव्हतं. त्याला खुपत होतं ते खाकरणं. केळीवाले बागेत ट्रॅक्टरसाठी डिझेलचा ड्रम भरून ठेवतात. ड्रमच्या तळाला पाणी साचतं, गंज उतरतो. ट्रॅक्टर ते सगळं निमूट पितो. ही गाडी पडली नाजूक पोटाची, आणि तिला कुणीतरी घाईच्या वेळी त्याच ड्रममधलं पाजलं होतं, एकदा नव्हे, पुष्कळदा. आज नुसती खाकरते आहे, पुढेमागे पंप आणि इंजेक्टर दोन्ही उतरवायला लावेल. ते काम इथे होत नाही, त्यासाठी गाडी इंदूरला न्यावी लागते. दुसऱ्या कुणासाठी कडू आला असता, तर इथेच मान हलवून चहासुद्धा न घेता निघाला असता.

दुसऱ्यांसाठी तो नेहमीच येई. नेपानगरच्या कागद गिरणीत त्याने उभी हयात साहेब लोकांच्या गाड्या चालवल्या. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने त्याचं नाव कडू ठेवलं होतं, नजर लागू नये म्हणून. नजर लागली नाही खरी, पण नावाचा गुणही लागला नाही. इतका मऊ बोलणारा, खालमानेने वागणारा ड्रायव्हर गिरणीने दुसरा पाहिला नसेल. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की लोक कडूला सोबत नेत. कडू नको म्हणाला की सौदा मोडे. आज तो पहिल्यांदाच स्वतःसाठी गाडी बघायला आला होता आणि स्वतःचंच ऐकायला तयार नव्हता.

पुण्याला नोकरी करणाऱ्या उमेशनेही सकाळी फोनवर हेच सांगितलं होतं. “पप्पा, जुनी डिझेल, आणि त्यात युरोपियन? अहो, लोक विकून मोकळे होताहेत. पार्ट मिळायचे वांधे. तुम्ही महिन्यातून एखादवेळी बाहेर काढणार, अशी उभी राहून डिझेल गाडी खराब होते. छोटी पेट्रोल घ्या नाहीतर टॅक्सी करा.” पोराचा एकेक शब्द खरा होता. कडू हो हो म्हणाला आणि फोन ठेवून शर्टाला इस्त्री करायला बसला.

खरं कारण त्याने मुलाला सांगितलं नव्हतं. शेवटच्या साहेबांकडे अगदी ह्याच मॉडेलची गाडी होती. तिचं दार लागतं त्याचा भरदार, बुजलेला आवाज कडूला पाठ होता. रस्त्यावरचा खड्डा आतल्या माणसाला नुसता कळतो, लागत नाही. अशा गाडीत कोकिळेला बसवायचं आणि यंदाच्या आखाजीला तिला तिच्या माहेरी, तुकईथडला, आपण स्वतः घेऊन जायचं, हे त्याच्या मनाने कधीचं धरलं होतं.

कोकिळा, म्हणजे त्याची बायको, शेडमधल्या कूलरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर पिशवी मांडीत घेऊन बसली होती. गुडघे दुखत असल्यामुळे ती उठबस मोजून करायची. गाड्यांकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

आता आखाजी म्हणजे ह्या मुलखात काय, ते ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खातात. लेकीला न्यायला माहेरचं कुणीतरी येतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. उमेश कडेवरचा होता त्या वर्षी कोकिळेचे वडील मुऱ्हाळी म्हणून बैलगाडी घेऊन खकनारपर्यंत आले होते. तिथवर कोकिळेने बसने जायचं होतं. बस आलीच नाही. गिरणीबाहेरच्या रस्त्यावर ती पोर आणि पिशवी सांभाळत उन्हात उभी राहिली. नेमकं त्याच सकाळी कडूला एका साहेबांना आणायला जीप घेऊन खकनारला जायचं होतं. जीप रिकामी होती. पण कंपनीच्या गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, असा नियम होता, आणि नियम म्हटला की कडूची मान खाली. कोकिळेने हात केला. कडूने जीप हळू केली नाही. उलट, थांबायचा मोह नको म्हणून त्याने वेग वाढवला. आरशात ती धुळीत उभी दिसली, हात अजून वर होता.

तिचे वडील दिवस मावळेपर्यंत खकनारच्या नाक्यावर बैल सोडून बसले. परतीच्या वाटेवर कडूने साहेबांना सहज म्हणून सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, “अरे, बिठा लेते उसे. गाडी तो खाली ही थी.”

कोकिळा दुसऱ्या दिवशी मिळेल त्या बसने गेली आणि सण करून परत आली. त्या प्रसंगाबद्दल तिने आजवर एक शब्द काढला नव्हता. कडूनेही काढला नाही. ती तेव्हाच कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं.

आता ते वडील नव्हते. भाऊ थकलेला. तिची आई गोदाबाई तेवढी नव्वदीची होऊन तुकईथडला खाटेवर बसून होती आणि गाडीची बातमी तिच्यापर्यंत कशी कोण जाणे पोचली होती. “जावई गाडी घेऊन राह्यले म्हने,” फोनवर ती लेकीला म्हणाली होती. “बरं झालं बाई. मुऱ्हाळी धाडाले आता घरात कोनी उरलंच नाही.” ते ऐकल्यापासून कडूला झोप नीट लागत नव्हती.

“काका, एक राउंड मारून पाहा,” निरंजन चावी पुढे करत म्हणाला. “काकूंना पण घेऊन जा. मी नाही येत, तुमच्यावर भरोसा हाये.”

कडूने गाडी शेडबाहेर काढली, कोकिळेजवळ आणून उभी केली, खाली उतरला, पुढून वळसा घालून आला आणि डावीकडचं मागचं दार उघडून अदबीने बाजूला उभा राहिला.

कोकिळा थबकली. तिने उघड्या दाराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पदर सावरला, दाराचा आधार घेतला आणि दुखरा गुडघा हाताने उचलून आत बसली. कडूने दार लावलं. तोच भरदार आवाज आला आणि तो खूश झाला.

शहर मागे पडलं, हातमागांची आणि लूमची खडखड विरली, दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सुरू झाल्या. कडूचा हात गिअरवर स्थिरावला. तिसऱ्यावर गाडी जरा ओढ खाते, चौथ्यावर मोकळी होते. ब्रेक ठीक आहेत. स्टिअरिंग किंचित डावीकडे जातंय. रिटायर झाल्यापासून ह्या माणसाला घरात काय करावं ते सुचत नव्हतं. सारखा कोकिळेच्या मागे मागे हिंडायचा, तिने हाक मारली की हातातलं टाकून यायचा. आज स्टिअरिंग हाती आलं आणि तो पुन्हा ताठ बसला.

मागे बोलणं सुरू होतं. साहेबांच्या गाडीत काय काय बोललं जाई. बदल्या, चौकश्या, कुणाच्या पोरीचं कुणाशी, नवराबायकोची खालच्या आवाजातली भांडणं. ड्रायव्हरने ते ऐकायचं नसतं. सुरुवातीला कडू ऐकून न ऐकल्यासारखं करी. पुढे पुढे त्याला खरोखरच ऐकू येईनासं झालं. “कडूच्या गाडीत बिनधास्त बोला,” असं साहेब लोक एकमेकांना सांगत, आणि हे आपलं मोठं कौतुक आहे असं त्याला वाटे. मागची सीट आणि पुढची सीट यांच्यामध्ये त्याने स्वतःच एक भिंत घातली होती.

त्याने आरशात पाहिलं. मागे बाईमाणूस बोलत होतं. ओठ हलत होते. मध्येच पदर डोळ्यांना लागला. मागे बसलेलं माणूस रडू लागलं की कडूची एक रीत होती. त्याला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून तो आरसा वरच्या बाजूला वळवी, म्हणजे आरशात नुसतं छत दिसे. त्याचा हात सवयीने वर गेला आणि आरसा वळला. कानावर एकच शब्द कसाबसा आला, खकनार. खकनारच्या रस्त्याला हिचा ॲव्हरेज काय पडेल, याचा तो विचार करू लागला.

नदीच्या अलीकडे चहाच्या टपरीपाशी त्याने गाडी बाजूला घेतली. इंजिन किती तापलंय ते पाहायचं होतं. तो बॉनेट उघडतोय तोच टपरीवरून एक म्हातारा धोतर सावरत उठून आला. तो शालिग्राम. गिरणीत बॉयलरवर होता, आता मुलीकडे बुऱ्हाणपुरात राहत होता.

“काय कडू, परत ड्युटी लागली काय रे?” तो लांबूनच म्हणाला. “कोन्या साहेबाची मॅडम घेऊन निंगाला?”

आणि मागच्या काचेतून आत डोकावला. “अरे, ही तं वहिनी!”

शालिग्रामने गाडीच्या टपावर थाप मारली आणि पोट धरून हसला. टपरीवरचे दोघेतिघेही हसले. कडूही हसायला गेला. तोंड हसण्यासाठी उघडलं आणि तसंच राहिलं. पुढची डावी सीट रिकामी होती. तिच्यावर त्याने घरून आणलेला फडकाही होता, घडी घालून ठेवलेला.

“वहिनी, बरं चाललं ना?” शालिग्राम विचारत होता.

“बरं हाये, भाऊ,” कोकिळा शांतपणे म्हणाली. “तुमची स्नेहल कशी हाये? नातू झाला म्हने.”

ती त्याच्याशी नातवाचं बोलली, त्याला घरी यायचं आमंत्रण दिलं. कडू बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की आपली बायको जन्मात पहिल्यांदा आपण चालवत असलेल्या गाडीत बसली आणि आपण तिला मॅडम करून मागे बसवलं.

शालिग्राम गेल्यावर तो मागच्या दाराशी आला. “पुढं येऊन बैस ना.”

“राहू द्या. आता इथंच बरी हाये.”

“माझ्या ध्यानातच आलं नाही वं. हाताले सवय...”

“मले ठाऊक हाये,” ती म्हणाली. “चला आता, ऊन व्हाले लागलं.”

परतताना त्याने आरसा पुन्हा खाली केला. कोकिळा बाहेर बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते.

“मघाशी तू काही म्हनत होती ना?” त्याने विचारलं.

“कवा?”

“मघाशी. जातानी.”

“काही नाही.”

कडूने कान टवकारले, पण आता ऐकण्यासारखं काही नव्हतं.  

शेडपाशी गाडी उभी करून तो लगबगीने खाली उतरला. या खेपेला दार उघडायचं ते जाणूनबुजून उघडायचं, तिचा हात धरून तिला उतरवायचं, असं त्याने वाटेत ठरवलं होतं. पण तो वळसा घालून पोचेपर्यंत कोकिळेने आतूनच दार उघडलं होतं आणि गुडघ्यावर हात देऊन ती खाली उतरलीसुद्धा होती.

“मग काका? आहे की नाही मक्खन?” निरंजन पुढे आला. “तुम्ही हो बोला, आखाजीच्या मुहूर्तावर चावी हातात. नंबरप्लेटवर हार मी घालतो.”

कडूने कोकिळेकडे पाहिलं. घ्यायचीच होती त्याला. खाकरू दे, इंदूरला न्यावी लागू दे. आता तर ती घेणं जास्तच भाग होतं. रोज तिला पुढे शेजारी बसवीन, रोज ऐकीन, असं काहीबाही त्याच्या मनात दाटून आलं होतं.

“नाही घ्याची, भाऊ,” कोकिळाच म्हणाली. “तुमाले आमची उगीच तकलीफ झाली.”

निरंजनने कडूकडे पाहिलं. कडूने खिशातून चावी काढून त्याच्या हातावर ठेवली.

बसस्टँडच्या बाकावर दोघं बसले. कोकिळेने पिशवीतून बाटली काढून आधी त्याला पाणी दिलं, मग स्वतः प्यायली.

“माह्यावर राग आला ना?” कडूने विचारलं. “मागं बसवलं म्हनून?”

“मागं बसल्याचं काय एवढं,” ती म्हणाली. “एवढ्या बायांले तुमी दार उघडून देलं. मले बी एकदा मिळालं. बरंच वाटलं जरासं.”

“मंग गाडी कायले नको म्हनली?”

तिने बाटलीचं झाकण लावलं. “गाडीले मी नाव नाही ठेवत. चांगली असंल. पन तुमी तिच्यात बसले का तिथं तुमी ऱ्हातच नाही. तुमी रिटायर झाले तवापासून मी घरात काही बोलली का तुमी ‘काय म्हनली?’ म्हनून इचारता. मले काय लय बोलाचं ऱ्हाते असं नाही. पन इचारनारं मानूस हाये. तेवढं ऱ्हाऊ द्या मले.”

कडूने चष्मा काढून पुसला.

“तू खकनारचं म्हनत होती ना?” तो म्हणाला. “गाडीत. तेवढं आलं मले ऐकू.”

“व्हय.”

“काय म्हनत होती?”

“समदंच सांगितलं. त्या दिवसाचं. बाबा कसे बसले होते नाक्यावर, ते काय म्हनले, मी त्याईले तुमच्याबद्दल काय खोटं सांगितलं.” कोकिळा समोरच्या फलाटाकडे बघत बोलत होती. “इतके वर्ष आत ठेवलं होतं. तुमच्या तोंडाकडे पाहून कधी निंगालंच नाही. आज तुमची पाठ होती म्होरं, म्हनून निंगालं.”

“माह्या कानावर नाही आलं वं. आईची आन.”

“माहीत हाये. तुमी आरसा वर केला तवाच समजलं मले.”

“मंग का थांबली नाही?”

“निंगतच होतं. थांबता नाही आलं.”

“आता सांग. मी ऐकतो. सगळं ऐकतो.”

कोकिळेने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवाही नव्हता. भांडी घासून झाल्यावर हात पुसताना दिसायची तशी ती दिसत होती. “नाही हो,” ती म्हणाली. “सांगून झालं माह्यं. आता नाही निंगत.”

नेपानगरची बस लागली. कडूने आधी चढून तिला वर घेतलं. दोघांची सीट मिळाली. कोकिळा खिडकीशी बसली, तो तिच्या शेजारी.

“आखाजीले असंच बसनं जाऊ,” ती म्हणाली. “आईले सांगू, गाडीपेक्षा बस मोठी ऱ्हाते.”

“काय म्हनली?” कडूने घाईघाईने विचारलं. बसच्या आवाजात त्याला निम्मंच ऐकू आलं होतं.

तिने तेच पुन्हा सांगितलं. तो हसला. तीही थोडी हसली आणि मग खिडकीकडे वळली.

बसचं इंजिन धडधडत होतं. बिघाड सांगणारा कुठला तरी ठोका त्यात होता, पण कडूचं तिकडे लक्ष नव्हतं. मान तिरपी करून, कान बायकोकडे करून तो बसला होता. कोकिळा बाहेर मागे पडणाऱ्या केळीच्या बागा बघत होती. गिरणीची चिमणी दिसू लागली, लोक उतरायला उभे राहिले, तरी त्याने मान सरळ केली नव्हती.